चष्मा मिळाला, तपासणी पूर्ण झाली का?

पोशीरसारख्या गावात नेत्रतपासणी शिबिर भरले की सकाळपासून रांग लागते. रोज बुडवून आलेली माणसे दुपारी एक चिठ्ठी घेऊन घरी जातात. चष्मा हाती आला की चिठ्ठी कुठेतरी पडून राहते. ती चिठ्ठी नीट वाचली तर अनेकांची नजर वाचू शकते.

समजा, उजव्या डोळ्यापुढे ६/१८ लिहिले आहे. निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर या डोळ्याला ६ मीटरवर आल्यावर दिसते, असा त्याचा अर्थ. उणे नंबर म्हणजे लांबचे अंधुक. सिलिंडर म्हणजे तिरका नंबर, त्यापुढचा अक्ष त्याची दिशा सांगतो. चाळिशीनंतर वाचण्यासाठी वाढवून दिलेला नंबर ‘अ‍ॅड’ या रकान्यात असतो.

यापेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे चष्मा लावल्यावरची नजर. चष्म्याने ६/६ दिसत असेल, तर अंधुक दिसण्याचे कारण नंबर होते. चष्मा लावूनही ६/१८ किंवा ६/६० राहत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. ते मोतीबिंदू असेल, पडद्याचा आजार असेल किंवा नसेचा. अशा वेळी चष्मा बदलत बसण्यात वेळ जातो.

उलट, ६/६ म्हणजे डोळा निरोगी, हा समजही घातक आहे. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते. समोरचे अक्षर बराच काळ स्वच्छ दिसते. मधुमेहाने पडद्यावर झालेली इजाही सुरुवातीला जाणवत नाही. मोतीबिंदूमुळे कमी झालेली नजर बहुधा शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ या मर्यादेत असतो, पण दाब मर्यादेत असूनही काचबिंदू असू शकतो. म्हणून नसही पाहावी लागते. मधुमेहींनी तर वर्षातून एकदा, थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया त्यामुळे गावोगावच्या गरिबांपर्यंत पोहोचल्या. आता पुढची पायरी हवी. शिबिर भरवणाऱ्यांनी चिठ्ठीवर मराठीत चार ओळी लिहून द्याव्यात: चष्म्याने किती दिसते, दाब पाहिला का, पडदा पाहिला का, पुढे कुठे आणि कधी जायचे. जे तपासले नाही, ते ‘तपासले नाही’ असेच लिहावे. रिकामा रकाना पाहून माणूस ‘सगळे ठीक आहे’ असे समजतो. ज्याला कर्जत किंवा पनवेल गाठायला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, त्याला ती फेरी का आवश्यक आहे हे स्पष्ट सांगितले, तरच तो जाईल.

वाचकांनीही चिठ्ठी जपून ठेवावी, पुढच्या तपासणीला सोबत न्यावी आणि उठण्यापूर्वी एवढे विचारावे: “डॉक्टर, नंबर कळला, आतून डोळा कसा आहे?”