विश्लेषण : पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी नेमकी कशाने बुडाली?

१९७१च्या युद्धाच्या पहिल्याच रात्री विशाखापट्टणम बंदराच्या तोंडाशी पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. आतले नव्वदहून अधिक नौसैनिक तिच्यासोबत गेले, एकही वाचला नाही. ती भारतीय नौदलाने बुडवली की आपल्याच स्फोटाने फुटली, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. हे उत्तर शोधणे मात्र आता शक्य आहे आणि ते भारतानेच शोधायला हवे.

गाझी बंगालच्या उपसागरात का आली?

मुख्य लक्ष्य होते ‘आयएनएस विक्रांत’. भारताची ही एकमेव विमानवाहू नौका पूर्व किनाऱ्यावर होती आणि तिच्या एका बॉयलरला तडे गेल्याने तिचा वेग मंदावला होता. पाकिस्तानकडे इतक्या लांब जाऊन लढू शकेल अशी पाणबुडी एकच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेली अमेरिकेची ‘डियाब्लो’ १९६४मध्ये पाकिस्तानला मिळाली आणि तिचे नाव ‘गाझी’ झाले. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी तिने कराची सोडली.

पूर्व नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांतला गुपचूप अंदमानकडे धाडले आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा देखावा उभा केला. मोठ्या जहाजाला पुरेल इतक्या रसदीची मागणी केली. एका नौसैनिकाच्या नावाने आजारी आईची चौकशी करणारी साधी तारसुद्धा जाऊ दिली. विक्रांतचा आव आणण्याचे काम ‘आयएनएस राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडे दिले. गाझी या सापळ्यात आली, एवढे निर्विवाद आहे. वाद आहे तो पुढच्या काही मिनिटांचा.

त्या रात्री काय घडले?

नौदल सांगते ते असे. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास राजपूत बंदराबाहेर पडली. लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना पाण्यात संशयास्पद हालचाल दिसली आणि त्यांनी दोन डेप्थ चार्ज टाकले, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब. थोड्याच वेळाने इतका प्रचंड स्फोट झाला की किनाऱ्यावरच्या घरांच्या काचा तडकल्या. सकाळी मच्छीमारांना तरंगणारे अवशेष सापडले, पाणबुड्यांनी तळाशी जाऊन खात्री केली आणि ९ डिसेंबरला सरकारने घोषणा केली. (त्याच रात्री अरबी समुद्रात आपली ‘खुकरी’ बुडाली. ती कशी बुडाली याबद्दल मात्र दोन्ही देशांत वाद नाही.)

पाकिस्तानचे म्हणणे असे, की गाझी स्वतःच पेरलेल्या पाणसुरुंगावर गेली किंवा तिच्या पोटातच स्फोट झाला. ही नुसती पराभव झाकण्याची सबब म्हणून झटकता येत नाही. पाणबुडीच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. तो साचला तर एक ठिणगी पुरते आणि गाझी तर जुनी होती. आपल्याकडच्या व्हाइस अॅडमिरल मिहिर रॉय यांनीही अंतर्गत स्फोटाची शक्यता मांडली. पूर्व कमांडचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब त्यापुढे गेले. गाझी अपघाताने बुडाली, नौदलाचा त्यात हात नव्हता, असे त्यांनी स्पष्ट म्हटले.

मग कागदपत्रे काय सांगतात?

इथेच खरी अडचण आहे. गाझीविषयीची पूर्व नौदल कमांडची मूळ कागदपत्रे नष्ट करण्यात आल्याचे वृत्त २०१०मध्ये आले. जुनी रद्दी काढताना गेली असतील किंवा मुद्दाम घालवली असतील, परिणाम एकच. श्रेय सांगायचे आणि त्याचा पुरावा जपायचा नाही, हे कोणत्याही सैन्यदलाला शोभत नाही. युद्धविषयक नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१मध्ये आणले. पण जी फाइलच उरली नाही ती खुली कशी करणार? रिकामी जागा मग सिनेमा भरून काढतो. २०१७च्या ‘द गाझी अॅटॅक’मध्ये एक भारतीय पाणबुडी गाझीशी झुंजते. प्रत्यक्षात तिथे आपली पाणबुडी नव्हतीच, तरी अनेकांच्या मनात आता तोच इतिहास आहे.

सत्य अजून कळू शकते का?

हो. कागद गेले, पण पाणबुडी तळाशी आहे. २०२४मध्ये नौदलाच्या खोल पाण्यातील बचाव यानाने तिचे अवशेष किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर टिपले. मृतांच्या सन्मानार्थ त्यांना हात लावलेला नाही आणि तो लावूही नये. पण सविस्तर चित्रण आणि मोजमाप करायला हात लावावा लागत नाही. पत्रा आत दबला आहे की बाहेर फुटला आहे, कोणत्या कप्प्याची सर्वाधिक नासधूस झाली, यावरून तज्ज्ञ बरेच सांगू शकतात.

ऑस्ट्रेलियाने हे केले आहे. त्यांची ‘सिडनी’ ही क्रूझर १९४१मध्ये सर्व ६४५ जणांसह नाहीशी झाली. जर्मन खलाशांच्या जबानीवर विश्वास ठेवावा की नाही, यावर सहा दशके वाद झडत राहिले. २००८मध्ये अवशेष सापडताच सरकारने चौकशी आयोग नेमला, अवशेषांवरच्या खुणा पडताळल्या आणि अहवाल लोकांपुढे ठेवला. जर्मनांची जबानी मुख्यतः खरी निघाली. ते पचवायला जड असले तरी पचवले.

पण यातून आपला विजय लहान ठरला तर?

ही भीती अनाठायी वाटते. कृष्णन यांचा डाव गाझी बुडण्याआधीच यशस्वी झाला होता. ती रिकाम्या बंदरावर टपून बसली आणि विक्रांतची विमाने चितगाव, कॉक्स बझारवर तुटून पडली. डेप्थ चार्जने बुडाली नसेल, तरी यातले काही बदलत नाही. उलट राजपूतच्या हल्ल्याचे पुरावे मिळाले, तर त्या जहाजावरच्या माणसांवरचा पन्नास वर्षांचा संशय फिटेल. गाझीवरच्या नौसैनिकांची मुले आज साठीच्या आसपास असतील. आपले वडील शत्रूच्या माऱ्यात गेले की जुन्या बॅटरीच्या ठिणगीने, हे त्यांना सांगू शकेल असा पुरावा आज फक्त भारताच्या समुद्रात आहे.