धूर उंबऱ्याबाहेर

यंदाच्या अंकाच्या मलपृष्ठासाठी पावसाळ्याच्या तोंडावरच विचारणा आली होती. जाहिरात वेलचीची होती. वितरकाने आणलेल्या नमुन्यावर जे नाव, जी अक्षरे आणि जो रंग होता, तोच महाड-पोलादपूरच्या प्रत्येक टपरीवर तंबाखूच्या पुड्यांच्या माळेत लटकलेला दिसतो. आत मात्र वेलची असल्याचे लिहिलेले. रक्कम मोठी होती. तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या अंकाचा कागदाचा खर्च तेवढ्यात सुटला असता. आम्ही ती जाहिरात घेतली नाही. मलपृष्ठावर या वर्षी मुलांनी काढलेले सावित्री नदीचे चित्र आहे.

दिवाळी अंक आणि तंबाखू यांचे नाते जुने आहे. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. पुढच्या कितीतरी वर्षांचे अंक चाळले तर कथेच्या शेवटच्या अर्ध्या पानावर बिडी, तपकीर, जर्दा यांच्या जाहिराती सापडतात. मराठी साहित्याला त्या पैशाचा आधार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. तेव्हापासून तेच नाव वेलचीच्या रूपाने दारात उभे राहते.

नकार देताना आम्हाला फार धाडस करावे लागले नाही. चार वर्गणीदारांनी, दोन दुकानदारांनी हात पुढे केला आणि खड्डा भरून निघाला. पण त्या संध्याकाळी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना वाटले, की ही टपरी चालवणाऱ्या बाईंनी उद्या हीच माळ उतरवायची ठरवली तर यांचा खड्डा कोण भरणार? या संपादकीयाची सुरुवात तिथे झाली.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना बाजारपेठेतली जुनी चहाची हॉटेले आठवत असतील. लाकडी बाकडी, काचेच्या बरणीत नानकटाई आणि माळ्याच्या फळ्यांवर धुराची पिवळट काळी पुटे. टेबलावर पाण्याच्या ग्लासाशेजारी पत्र्याची राखदाणी असायचीच. पोलादपूर स्टँडवर महाबळेश्वरची किंवा खेडची गाडी थांबली की घाट चढण्याआधी चालक चहा घेऊन एक बिडी ओढत, आणि खिडकीशी बसलेली बाळंतीण पदर नाकाशी धरून मुलाला दुसऱ्या कुशीवर घेई. तिला कोणी काही विचारत नसे आणि तीही कोणाला काही बोलत नसे. एसटीत ‘धूम्रपान करू नये’ ही पाटी रंगवलेली होती, पण ती वाचून बिडी विझवणारे थोडे होते.

मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी दवाखाने, शाळा, कचेऱ्या, न्यायालये, वाचनालये आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानाला मनाई केली. नंतर कायदा आला, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले. हॉटेल, कॅन्टीन, कामाची जागा, सिनेमागृह, सगळे त्यात आले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. मालकाने दारावर साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी लावायची, आणि राखदाणी, काडेपेटी, लायटर यांतले काही गिऱ्हाइकाला पुरवायचे नाही. धूम्रपानाची वेगळी खोली ठेवायची मुभा तीस किंवा अधिक माणसांची बैठक असलेल्या उपाहारगृहांना, तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना आणि विमानतळांना. आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांना ही मुभा नव्हती आणि तशी खोली बांधायला जागाही नव्हती.

याच नियमांत एक बारकावा आहे. मूळ कायद्याने उघड्या जागा वगळल्या होत्या. 2008 च्या नियमांनी रेल्वे स्टेशन, बसथांबा, बसस्टँड यांना ती सूट नाकारली. म्हणजे महाडच्या स्टँडच्या फाटकाच्या आत बिडी पेटवणे गुन्हा, आणि फाटकाबाहेर दोन पावलांवरच्या टपरीशी उभे राहून पेटवली तर ती मोकळी जागा. ही रेषा रस्त्यावर आखलेली नाही, पण थोटकांचा सडा कुठे सुरू होतो ते पाहिले की दिसते. धूर हॉटेलातून उठला आणि टपरीच्या खांबाशी येऊन थांबला. तिथे बिडी पेटवायची काथ्याची दोरी अजून जळत असते.

हॉटेलवाल्यांना तेव्हा धास्ती होती. बिडी ओढू दिली नाही तर गिऱ्हाईक अर्धा चहा टाकून उठेल, असे मला दोघा-तिघांनी सांगितले होते. तसे झाले नाही. हायवेवरच्या खानावळींत कुटुंबे जास्त वेळ बसू लागली. गणपतीला गावी येणारे चाकरमानी बायकामुलांसह आत येऊ लागले. पूर्वी पुरुष आत चहा पीत आणि बायका गाडीतच बसून राहत. जगभरातून हाच अनुभव नोंदला गेला आहे. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2009 साली देशोदेशींचे अभ्यास तपासून सांगितले, की धूम्रपानबंदीने उपाहारगृहांचा धंदा घटत नाही. आपल्या भागात गिऱ्हाईक खरोखर पळवले ते रस्त्याने. 2023 च्या गणपतीत कशेडीचा बोगदा एका बाजूने उघडला आणि जुन्या घाटातल्या खानावळींसमोरून गाड्या सरळ निघून गेल्या. त्यांच्या गल्ल्यात पडलेल्या खड्ड्याचा सिगारेटशी काही संबंध नाही.

ज्याच्यासाठी हा कायदा सर्वात मोलाचा ठरला, त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो म्हणजे फडके घेऊन टेबले पुसणारा पोऱ्या. गिऱ्हाईक अर्धा तास धुरात बसे. तो पहाटेपासून रात्री दिवे मालवेपर्यंत. पोलादपूरच्या वाड्यांवरून मुंबईच्या हॉटेलांत कामाला गेलेल्यांनी किती वर्षे दुसऱ्यांचा धूर छातीत घेतला असेल, याची नोंद कुठे होणार? त्यांची मुले आज त्याच कामात आहेत, पण स्वच्छ हवेत आहेत. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या बंदीच्या बाजूने ठाम उभा आहे.

‘सार्वजनिक जागा’ या दोन शब्दांना महाडात वेगळे वजन आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत जाईपर्यंत त्या पाण्याला अस्पृश्यांची ओंजळ लागली नव्हती. त्या लढ्याशी धूम्रपानबंदीची तुलना मी करत नाही. तसे करणे त्या ओंजळीचा अपमान होईल. पण या गावात राहणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी शिकायला हव्यात. सार्वजनिक जागा म्हणजे जो आधी बसला त्याची जागा नव्हे. जो संकोचाने दाराशी उभा राहतो त्याचीही ती तितकीच असते. आणि ठराव कागदावर असला म्हणून तो जमिनीवर उतरतोच असे नाही. सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यात, पाटीच्या बरोबर खाली, आजही थोटके सापडतात. ती झाडणाऱ्या बाईला दंड करण्याचा अधिकार नाही.

आता आमच्या मनातला खरा सल. धूर गेला, तंबाखू गेली नाही. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 3.8 टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले, आणि तोंडात किंवा नाकात तंबाखू घेणारे 24.4 टक्के. धुराच्या सहापट! देशाचे आकडे अनुक्रमे 10.7 आणि 21.4 आहेत. धूम्रपानात आपण देशाच्या पुष्कळ खाली आहोत आणि मळलेल्या चिमटीत देशाच्या वर.

याचे एक कारण आपल्या माणसांच्या कामाच्या इतिहासात आहे. गिरणीत कापसाजवळ काडी ओढणे म्हणजे आग, म्हणून आत बिडीला मनाई. मग बारा तासांची पाळी निभावायला गिरणी कामगाराच्या खिशात चुन्याची डबी आली. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती डबी सुट्टीत गावी आणली. आज महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांच्या फाटकावर काडेपेटी आणि लायटर काढून घेतात, आणि ते योग्यच आहे; तिथली एक ठिणगी काय करू शकते ते या तालुक्याला सांगायला नको. पण काडेपेटी ठेवून आत जाणाऱ्याच्या दुसऱ्या खिशात पुडी असते, आणि तिला धूर नसल्याने कोणाची हरकत नसते. घरात मशेरीची डबी असते. ती चुलीशी भाजताना जो वास सुटतो, त्यात आपल्यापैकी कित्येकांचे बालपण गेले. आईने, आजीने दात घासायला म्हणून सुरू केलेली ती काळी पूड दिवसातून चार वेळा लागते, आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. राज्याने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या शेजारी शेजारी लटकू लागल्या, आणि गिऱ्हाईक हातावर त्या एक करू लागले. सुंभ जळतो, पीळ राहतो.

रायगडाच्या पायथ्याला राहणाऱ्यांना एक गोष्ट विशेष लागली होती. ज्या छत्रपतींचा राज्याभिषेक त्या गडावर झाला, त्या संभाजीराजांचे नाव कित्येक दशके बिडीच्या बंडलावर छापले जात होते. लोकांच्या संतापानंतर 2020 मध्ये उत्पादकाने ते नाव बदलण्याचे जाहीर केले. नाव गेले याचे समाधान मोठे होते. बंडल तसेच राहिले.

त्या टपरीवरच्या बाईंकडे पुन्हा वळतो. 2021 च्या जुलैत सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा त्यांची टपरी आडवी झाली होती. पाणी ओसरल्यावर चिखल काढून पहिला माल भरला तो पुड्या आणि बिडीचा. का, ते त्यांनी मला सरळ सांगितले. “बिस्कीट सादळतं, दादा. वडे संध्याकाळी टाकायला लागतात. तंबाखू काय सादळत नाय, आणि माल उधारीवर मिळतो.” कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात हा युक्तिवाद खोडणे कठीण आहे. थोड्या भांडवलाचा, न नासणारा, दिवसभर हलणारा माल दुसरा कुठला?

आणि कायद्याचा सगळा भार येतो तो याच फळीवर. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्ड, म्हणजे साधारण एक्याण्णव मीटर, तंबाखू विकायची नाही. महाडसारख्या दाटीच्या गावात शाळा, कॉलेज यांच्याभोवती ही वर्तुळे काढली तर बाजारपेठेचा किती भाग मोकळा राहील? राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगारेट-बिडी विकण्यास मनाई केली. हेतू चांगला आहे: सुट्यावर इशाऱ्याचे चित्र नसते, आणि कॉलेजचा मुलगा पाकीट घेत नाही, एक घेतो. पण रोजंदारीवरचा माणूसही एकच घेतो, आणि त्याला नाही म्हणायची जबाबदारी पडते ती बाईंवर. केंद्राने 2017 साली राज्यांना सुचवले होते, की तंबाखूच्या दुकानांना परवाना लागावा आणि तिथे बिस्किटे, चॉकलेटे, शीतपेये विकू नयेत. लहान मुलांनी त्या फळीकडे वळू नये म्हणून ते बरोबर आहे. मात्र टपरीवाल्याला त्यातून उमगते ते एवढेच, की एक निवड. आणि पावसाळा डोळ्यांसमोर आणून तो निवडतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. पाटी असलेल्या प्रत्येक छपराखाली बंदी पूर्ण पाळली जावी, आणि त्याची सुरुवात सरकारी जिन्यांपासून व्हावी. शाळेजवळची माळ उतरलीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण ती उतरवायला जाणाऱ्या पथकाच्या हातात पावतीपुस्तकाबरोबर आणखी काही असावे. नगरपालिकेने आणि पोलादपूरच्या नगरपंचायतीने टपरीच्या भाड्यात सवलत द्यावी, बचतगटांनी कोकम सरबत, फणसपोळी, कुळीथपीठ उधारीवर टपऱ्यांपर्यंत पोचवावे. तंबाखूचा वितरक जे करतो तेच आपण करायचे: माल दारात आणून द्यायचा, पैसे आठवड्याने घ्यायचे. रायगड पाहायला येणारी हजारो माणसे याच रस्त्याने जातात. त्यांना आपल्या टपरीवर आपल्या मातीतले काही मिळत नाही, हे मला वर्षानुवर्षे खुपत आले आहे.

आणि मोजणी हवी. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा विंचूदंशाने माणसे मरत होती आणि ते मरण नशिबाचे समजले जात होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवली, आणि त्या नोंदींतून उभा राहिलेला उपचार जगाने घेतला. तोंडात पांढरा चट्टा घेऊन, तोंड पुरते न उघडणारा तरुण आज याच तालुक्यांतल्या दवाखान्यांत येतो. असे किती आहेत, कुठल्या वाडीचे, कितव्या वर्षी पुडी हाती आली, हे वही घेऊन लिहायला कोणी पुढे आले तर हा अंक त्यासाठी पाने राखून ठेवील.

हे लिहून संपवताना परवा पुन्हा त्या टपरीवर गेलो. दिवाळीच्या आठवड्यात फळीचे रूप पालटलेले असते. पुड्यांची माळ मागे खिळ्याला गेली होती आणि पुढे पणत्या, रांगोळीच्या पुड्या, उटणे, कापसाच्या वाती मांडल्या होत्या. दोन शाळकरी मुली रंग निवडत उभ्या होत्या. या आठ दिवसांत तंबाखूच्या पुड्यांपेक्षा या मालातून जास्त पैसे सुटतात, असे बाईंनी सांगितले. मग पणत्या नीट रचता रचता मान वर न करता त्यांनी विचारले, “भाऊबीज झाल्यावर इथे काय मांडू, ते सांगा.”