धूसर म्हणजे फसलेले?

मर्ढेकरांचा लयसिद्धान्त वर्गात तन्मयतेने शिकवणारे आपण अध्यापक एखाद्या धूसर, रंगीत छायाचित्रासमोर उभे राहिलो, की पहिला प्रश्न विचारतो : ‘पण हे आहे कशाचे?’ कवितेला हाच प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आपण अरसिक ठरवतो. छायाचित्राकडून मात्र पुरावाच मागतो. हा दुटप्पीपणा आहे.

पहिला आक्षेप असा, की धूसरता हा तंत्रदोष होय. अर्न्स्ट हास याने १९५६ मध्ये पाम्प्लोना येथील बैलझुंजीचे छायाचित्र मुद्दाम मंद शटरने घेतले. त्यात बैल, झुंजार आणि कापड यांच्या कडा एकमेकांत वाहतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात गोठलेला बैल कोणत्याही डोळ्याने पाहिलेला नसतो. तरी आपण त्यालाच ‘वास्तव’ म्हणतो!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणसारख्या श्रमाच्या पट्ट्यात रंगांची अस्पष्ट नक्षी काढणे म्हणजे कामगाराचा चेहरा पुसणे, असे म्हटले जाते. रघु राय यांचे चर्चगेट स्थानकाचे १९९५ मधील कृष्णधवल छायाचित्र आठवावे. गर्दी वाहून जाते, वर्तमानपत्र वाचणारे काही जण तेवढे स्थिर राहतात. शहर माणसाचे काय करते, हे तिथे धूसरतेनेच सांगितले आहे.

मग रंग ही निव्वळ सजावट ठरते काय? दयानिता सिंग यांच्या ‘ब्लू बुक’मधील (२००९) औद्योगिक परिसर निळाईत बुडालेले आहेत. दिवसाच्या उजेडासाठीची फिल्म दिवस मावळताना वापरल्याने ती निळाई उतरली. रंगाने तिथे वेळ नोंदवली आहे. चाकणच्या रस्त्यावर पाळी सुटताना कंपनीच्या बसगाड्यांचे दिवे मंद शटरमध्ये लाल-पिवळ्या रेघा होतील, तेव्हा त्या रेघाही वेळच नोंदवतील. घड्याळाला बांधलेल्या माणसांच्या वस्तीत वेळेचे चित्र काढणे हे पलायन कसे?

हात हलला म्हणून कलाकृती होत नाही, हे उघड आहे. काय स्थिर राहिले, काय विरघळले आणि त्यांत संवाद, विरोध, समतोल यांपैकी कोणता संबंध जुळला, हे तपासावेच लागेल. त्यासाठीची परिभाषा मर्ढेकरांनी आपल्या हाती दिलेलीच आहे. कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ती केवळ परीक्षेपुरती न देता डोळ्यांसाठीही द्यावी. नाहीतर आपला परिसर फक्त अहवालाच्याच लायकीचा आहे, असे ते आपल्याकडूनच शिकतील.