पहारा कंत्राटावर, जबाबदारी कोणाची?

मार्च २०२० मध्ये मेलबर्नच्या हॉटेलांत परदेशातून परतलेल्यांचे विलगीकरण सुरू झाले आणि पहाऱ्याला खासगी कंपन्यांचे रक्षक उभे राहिले. दोन हॉटेलांतून निसटलेल्या करोना विषाणूने व्हिक्टोरिया राज्यात दुसरी लाट आणली. साडेसातशेहून अधिक बळी गेले. रक्षकच बेफिकीर होते, असे म्हणणे सोपे आहे. पण काम उपकंत्राटांतून खाली झिरपत गेले होते. माणसे रोजंदारीवर, आजारपणाची पगारी रजा नाही. घसा खवखवला तरी ड्युटी बुडवणे त्यांना परवडणारे नव्हते. खासगी रक्षक नेमण्याच्या निर्णयाची जबाबदारी माजी न्यायाधीश जेनिफर कोट यांनी केलेल्या चौकशीत एकाही मंत्र्याने वा अधिकाऱ्याने स्वतःवर घेतली नाही. मनुष्यबळ तातडीने हवे होते, हे मान्य. मग संसर्गनियंत्रणाचे प्रशिक्षण आणि पगारी रजाही तितक्याच तातडीने द्यायला हवी होती.