अंतर कुठून मोजायचे?

‘विज्ञानामुळे जग जवळ आले आहे’ हे वाक्य मी शाळेपासून प्रत्येक निबंधात लिहीत आले आणि त्याला गुणही मिळत गेले. आज त्याच वाक्याविषयी माझी थोडी तक्रार आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये नांदेड ते अमृतसर थेट विमान सुरू झाले. एकीकडे हुजूर साहिब, दुसरीकडे सुवर्णमंदिर. यात्रेकरूंची मोठी सोय झाली. नकाशावर हिशेब सोपा आहे. दोन्ही गावांच्या अक्षांशांत साडेबारा अंशांचा फरक. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. थोडे पूर्व-पश्चिम अंतर धरले की हवाई अंतर १४०० किलोमीटर भरते. विमानाला वेळ अडीच तास. सचखंड एक्स्प्रेस मनमाड, भोपाळ, दिल्ली असा वळसा घेत सुमारे २००० किलोमीटर धावते. तिला जवळजवळ दीड दिवस लागतो.

२०१८ साली आमची आजी वारली. मी तेव्हा लहान होते. दादा फौजेत, नेमणूक अमृतसरला. फोन क्षणात पोचला, रजाही मिळाली. पण आजी गेली सोमवारी आणि विमान त्या वेळी फक्त शनिवार-रविवारी. दादा आगगाडीने निघाला. आई उंबऱ्यात बसून म्हणत होती, “इमान अडीच घंट्यात येतंय म्हने. मग माझं लेकरू आणखी कसं आलं न्हाई?” दादा पोचला तेव्हा तिसऱ्या दिवशीचे सावडणेही उरकले होते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. वेळापत्रकातला वेळ विमानतळापासून विमानतळापर्यंतचा असतो. माणसाचा वेळ उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा. वाट पाहण्याचे पाच दिवस धरले, तर अडीच तासांचे विमान आगगाडीच्या मागे पडते. शिवाय नांदेडला उतरल्यावर रेणापूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढेच राहते. गाडी बदलत यायचे तर १४०० किलोमीटरांपेक्षा या शेवटच्या टप्प्यालाच अधिक वेळ जातो.

कोणी म्हणेल, रोज विमान भरायला उतारू कुठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. मी विमानाच्या विरोधात नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. उद्या मलाही लांब जावे लागेल. माझे म्हणणे एवढेच, की धावपट्टी झाली म्हणजे निम्मेच काम झाले. परवडणारे तिकीट, नेमाच्या फेऱ्या आणि विमानाच्या वेळेला जुळणारी तालुक्याची गाडी, हे उरलेले निम्मे काम आहे. ते झाल्याशिवाय अंतर कमी झाल्याचा आकडा कोणी सांगू नये.

पुढच्या निबंधात मी ते जुने वाक्य लिहिणार नाही. अंतर लिहायचे झाले, तर आईच्या उंबऱ्यापासून मोजून लिहीन. गुण कमी मिळाले तरी चालतील.