रॅम वाढवून अक्कल वाढत नाही

कन्सोल उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागतो, आणि त्यावर उपाय काय, तर रॅम वाढवा! हे शास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवतात, हे मला एकदा समजून घ्यायचं आहे.

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडात एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. तिथे एक बॅकअप सर्व्हर आहे. रात्रीचा बॅकअप झाला की फसला, कुठल्या फाइलवर अडला, डिस्कवर जागा किती उरली, हे सगळं त्याच्या कन्सोलवर दिसतं. दिसायला हवं. प्रत्यक्षात आयकॉनवर क्लिक केलं की पांढरीफटक खिडकी उघडायची, वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आणि मधोमध गरगर फिरणारं वर्तुळ. कधीतरी खिडकी भरायची. मग ‘जॉब्स’वर क्लिक केलं की पुन्हा तेच वर्तुळ.

पुरवठादाराचा माणूस लातूरहून आला. त्याने टास्क मॅनेजर उघडला नाही, लॉग वाचला नाही, डिस्ककडे ढुंकूनही पाहिलं नाही. डब्यावर हात ठेवला आणि निदान झालं. “सर, सर्व्हर जुना झालाय. सोळाची चौसष्ट जीबी करून टाका, पळतो की नाही बघा.” न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. या गृहस्थांना चारांपैकी एकाचीही गरज वाटली नाही. कोटेशन मात्र बॅगेत छापून तयार होतं.

आता वाचकहो, तुम्ही शहाणे आहात, तुम्हीच सांगा. असल्या बहुतेक बॅकअप प्रणाल्या आपल्या नोंदी कुठे ठेवतात? डेटाबेसमध्ये. छोट्या संस्थेत तो डेटाबेस कुठला असतो? बहुतेक वेळा फुकटात मिळणारा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस. २०१६ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत या फुकट डेटाबेसच्या मर्यादा मायक्रोसॉफ्टने जाहीर लिहून ठेवल्या आहेत: एका डेटाबेसची फाइल १० जीबीच्या वर जात नाही, आणि वाचलेला डेटा साठवायला तो फक्त १४१० एमबी मेमरी वापरतो. चौदाशे दहा! सर्व्हरमध्ये सोळा जीबी असो, चौसष्ट असो की एकशे अठ्ठावीस, डेटाबेस आपल्या दीड जीबीच्या आतच राहणार. बोअरला पाणी एक इंच आणि वर पंधरा एचपीची मोटार बसवायची, असला हा उपाय. आपल्या भागात शेतकऱ्याचं लहान पोरगंही अशा मोटारवाल्याला बांधावरून परत पाठवेल. संगणकाच्या खोलीत मात्र त्याच मोटारवाल्याला खुर्ची, चहा आणि आगाऊ रक्कम.

मी फाइल बघितली. साडेनऊ जीबीच्या घरात. संस्थेने बॅकअप सुरू केला त्या दिवसापासूनची प्रत्येक रात्र, प्रत्येक जॉब, प्रत्येक इशारा तिच्यात जसाच्या तसा पडून. जुना इतिहास काढून टाकायची सोय कन्सोलच्या सेटिंगमध्येच होती, ती कुणी चालू केलेली नव्हती. एक्स्प्रेसमध्ये ठरलेल्या वेळी देखभाल करणारा एजंट मिळत नाही. इंडेक्स नीट लावणं, आकडेवारी ताजी करणं ही कामं विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून आपणच लावून द्यावी लागतात. तीही कुणी लावलेली नाहीत. मग कन्सोलने ‘कालचे जॉब दाखव’ म्हटलं की डेटाबेस बिचारा सगळी वर्षं उपसत बसतो. यात सर्व्हरचं वय कुठे आलं?

आणि ही १० जीबीची भिंत नुसती वेगाची नाही. ती गाठली की नवी नोंद लिहायला जागाच उरत नाही, आणि मग रेंगाळण्याची गोष्ट संपून बॅकअपच अडतो. रॅमवाल्या पंडितांनी संस्थेला या भिंतीपासून अर्धा जीबी अंतरावर आणून ठेवलं होतं आणि तोंडाने म्हणत होते, पळतो की नाही बघा.

एक दुसरा संप्रदायही आहे, रिस्टार्टवाला. काही अडलं की मारा रिस्टार्ट. रिस्टार्टनंतर थोडा वेळ हलकं वाटतं, तेवढ्यात बिल फाडून मंडळी पसार होतात. चालू जॉब मध्येच तुटला, त्या रात्रीची प्रत अर्धवट राहिली, याचा हिशोब कोण देणार? यांच्यातलेच थोडे जास्त शिकलेले डेटाबेस ‘श्रिंक’ करतात. फाइल आकाराने लहान होते, आतले इंडेक्स विस्कटतात, आणि कन्सोल आधीपेक्षा मंद होतो. मग पुन्हा फोन, पुन्हा व्हिजिट चार्ज.

खरी मजा पुढे आहे. आमचा बॅकअप सर्व्हर मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेला आहे, आणि ते योग्यच आहे. पण कन्सोलचा प्रोग्राम सही केलेला असतो. ती सही पुढे रद्द तर झाली नाही ना, हे तपासायला विंडोज इंटरनेटवरची रद्दयादी मागवायला जातं. इंटरनेट नाही. फायरवॉल नकारही कळवत नाही, विनंती गुपचूप गिळून टाकतो. मग विंडोज वाट बघत बसतं, एका यादीसाठी ठरलेली मुदत १५ सेकंद. अशा दोन-चार तपासण्या झाल्या की मिनिट गेलं. त्या मिनिटात प्रोसेसर निवांत, डिस्क निवांत, रॅम निवांत. सगळं यंत्र रिकामं बसलेलं असताना ‘यंत्र कमी पडतंय’ हे अनुमान काढायला केवढी प्रतिभा लागत असेल! उपाय साधा आहे: फायरवॉलमध्ये तेवढ्याच पत्त्यांना वाट द्या, नाहीतर यादी दुसऱ्या संगणकावर उतरवून सर्व्हरमध्ये भरत चला. तपासणीच बंद करून टाकणारे महाभागही भेटतात. त्यांना सर्व्हरच्या खोलीत पाऊल ठेवू देऊ नये.

बाकीची कारणं इतकी उघडी होती की ती न दिसण्यासाठी डोळे मिटूनच यावं लागतं. भंगारात गेलेल्या जुन्या संगणकांची नावं यादीत तशीच, कन्सोल उघडताना त्या मेलेल्यांना हाका मारतो आणि डीएनएसच्या उत्तराची वाट बघतो. अँटिव्हायरस ऐन कामाच्या वेळी बॅकअपच्या अवाढव्य फाइली चाळत बसलेला. आणि डेटाबेस त्याच फिरत्या डिस्कवर, जिच्यावर बॅकअपच्या प्रती लिहिल्या जातात. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये एका वाचनाला डिस्क किती मिलिसेकंद घेते, ते दिसतं. वीस-पंचवीसच्या वर गेलं की डेटाबेस कण्हायला लागतो. आमच्याकडे तो आकडा त्याच्या कितीतरी वर होता. डेटाबेससाठी एक लहान वेगळी एसएसडी हवी होती. चौसष्ट जीबी रॅमच्या कोटेशनपुढे तिची किंमत किरकोळ. म्हणूनच ती कुणी सुचवली नसावी, असं मला स्पष्ट वाटतं.

‘एवढं काय, कन्सोल थोडा हळू आहे, बॅकअप तर होतोय ना?’ हे वाक्य मी संचालकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि माझा सगळा संताप या वाक्यावर आहे. बॅकअप होतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्या पडद्यावर ते कळतं तो पडदा उघडत नाही, म्हणून तो कुणी उघडत नाही. सकाळी काउंटरवर खातेदारांची रांग लागलेली असताना कुठला क्लार्क त्या वर्तुळाकडे बघत बसेल? पहिल्या आठवड्यात तो रोज बघतो, मग सोमवारी बघतो, मग ऑडिटच्या आदल्या दिवशी. मंद कन्सोल माणसाला न बघायची सवय लावतो.

न बघण्याचं फळ काय असतं, ते गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला चाखलं. एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप काढायला गेले तर रोजच्या प्रतींची जागा रिकामी! प्रत काढणारं साधन जुन्या आवृत्तीचं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. ‘प्रत निघाली नाही’ असं कळवणारे ई-मेलसुद्धा वाटेतच नाकारले जात होते. त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट सापडला, म्हणून कंपनी सहा तासांच्या नुकसानीवर सुटली. ही नामवंत तंत्रज्ञांची गत. मुरुडच्या पतसंस्थेला असा योगायोग कोण पुरवणार?

धोका लांबचा आहे, असंही समजू नका. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि तिच्या सेवेवर चालणाऱ्या जवळपास ३०० छोट्या सहकारी व ग्रामीण बँका राष्ट्रीय पेमेंट जाळ्यापासून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. मार्च २०२१ मध्ये आपल्या एमआयडीसीचे सर्व्हर असल्याच हल्ल्यात सापडले. बॅकअपच्या फाइली नेटवर्कच्या वेगळ्या भागात होत्या म्हणून त्या वाचल्या, असं महामंडळाने तेव्हा सांगितलं. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावलं आहे की, महत्त्वाच्या डेटाची प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवा. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, त्यामुळे ‘तो नियम आम्हाला नाही’ असं आमच्याकडे छाती फुगवून सांगितलं जातं. नियम नाही म्हणून डिस्क जळायची थांबते का?

आणि आमची ती बॅकअपची पेटी ठेवली कुठे आहे? मूळ सर्व्हरच्या शेजारी, त्याच टेबलावर, त्याच यूपीएसवर. ज्या लातूर जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली, किल्लारीत घरंच्या घरं दगडमातीखाली जाताना पाहिली, त्या जिल्ह्यात दोन्ही प्रती एका छपराखाली! गावातल्या माणसांची पैपै त्या खात्यांत आहे: सोयाबीनची पट्टी, बचत गटाची रक्कम, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव. त्या नोंदींची दुसरी प्रत गावाबाहेर ठेवायला पैसा नाही, आणि निरुपयोगी रॅमसाठी ठराव एकमताने मंजूर.

मुरुड असो, लातूर असो की नांदेड, संस्थेच्या संचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या बैठकीत रॅमचं कोटेशन समोर आलं की आणणाऱ्याला उभं करून विचारा: डेटाबेसची फाइल किती मोठी आहे, डिस्क एका वाचनाला किती मिलिसेकंद घेते, आणि बॅकअपमधून एका खातेदाराचं खातं शेवटचं कधी परत काढून पाहिलं? उत्तर देता आलं नाही तर कोटेशन परत करा. आणि ते खातं त्याच दिवशी, आपल्या डोळ्यांदेखत, परत काढायला लावा.