पोलंडचे १९८९ : न मागितलेला कौल

पोलंडमधील १९८९ या वर्षाचा हवाला देऊन समाजवादाचा मृत्युलेख लिहिण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. ४ जून १९८९ रोजी पोलिश जनतेने मतपेटीतून समाजवाद नाकारला आणि बाजारपेठेची अर्थव्यवस्था स्वीकारली, असा हा युक्तिवाद. तो इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की, डाव्या चळवळीतील कार्यकर्तेही तो मुकाट्याने ऐकून घेतात. वस्तुतः या विधानाचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे आणि उत्तरार्ध निखालस असत्य. त्या वर्षाचा घटनाक्रम तारखांनिशी तपासला, म्हणजे जनतेने कौल कशाला दिला आणि तिच्या पदरात काय पडले, यांतील अंतर कोणाच्याही ध्यानात यावे.

प्रारंभ अर्थातच १९८९ चा नव्हे. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत क्रेन चालविणाऱ्या अ‍ॅना वालेंतिनोविच या कामगार स्त्रीला बडतर्फ करण्यात आले आणि तिच्यासाठी संप पेटला. संपकऱ्यांच्या एकवीस मागण्यांत स्वतंत्र संघटना, संपाचा हक्क, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, वेतनवाढ, निवृत्तिवेतन, अधिकाऱ्यांच्या खास सवलतींचा अंत, हे सारे होते. कारखाने विकून टाका, अशी मागणी त्यांत नव्हती. त्या संपातून जन्मलेल्या सॉलिडॅरिटी संघटनेत सुमारे एक कोटी सभासद सामील झाले. १९८१ च्या शरद ऋतूत ग्दान्स्कला भरलेल्या पहिल्या अधिवेशनात तिने जो कार्यक्रम संमत केला, त्याचा गाभा होता ‘स्वयंशासित प्रजासत्ताक’. कारखान्याचा कारभार कामगारांच्या निर्वाचित मंडळाकडे असावा आणि संचालकाने त्या मंडळास जबाबदार राहावे, ही ती कल्पना. समाजवादाची याहून शुद्ध व्याख्या क्वचितच कोणी केली असेल.

या कार्यक्रमाला सत्ताधारी पक्षाने उत्तर दिले ते रणगाड्यांनी. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला आणि तीनच दिवसांनी वुयेक येथील कोळसा खाणीत नऊ खाण कामगार गोळीबाराला बळी पडले. कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्या पक्षाने कामगारांवरच बंदुका रोखल्या. समाजवादाचा घात झाला तो येथे. ज्या डाव्यांनी तेव्हा या कृत्यावर पांघरूण घातले, त्यांना १९८९ बद्दल अश्रू ढाळण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

आता प्रत्यक्ष त्या वर्षाकडे वळावे. १९८८ च्या संपांनी हतबल झालेल्या सरकारने ६ फेब्रुवारी १९८९ रोजी वॉर्सा येथे विरोधकांबरोबर गोलमेज परिषद भरविली. ५ एप्रिल रोजी करारावर सह्या झाल्या. या कराराचे राजकीय कलम सर्वांना ठाऊक असते. आर्थिक कलम मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. त्यात बाजारव्यवस्थेला स्थान होते, मालकीच्या विविध प्रकारांना मान्यता होती. पण त्याबरोबर कामगारांच्या स्वयंव्यवस्थापनाची हमी होती आणि किमती वाढल्यास त्या वाढीच्या ८० टक्क्यांपर्यंत वेतनात भरपाई मिळावी, हे तत्त्वही होते. निवडणुकीला सामोरे जाताना जनतेपुढे असलेला अधिकृत आर्थिक दस्तऐवज हाच होता.

निवडणुकीची रचना विषम होती. ‘सेयम’ या कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागांपैकी ६५ टक्के जागा सत्ताधारी पक्ष व त्याचे मित्र यांच्यासाठी राखीव होत्या. खुल्या होत्या फक्त १६१. सिनेटच्या शंभर जागा मात्र मुक्त होत्या. दोन फेऱ्या संपल्या तेव्हा सॉलिडॅरिटीने खुल्या १६१ पैकी १६१ आणि सिनेटच्या शंभरपैकी ९९ जागा जिंकल्या होत्या. मतदानाची पद्धत होती नको असलेली नावे खोडण्याची. बड्या नेत्यांची जी ३५ नावांची बिनविरोध राष्ट्रीय यादी होती, तिच्यातील अवघे दोघे पहिल्या फेरीत निवडून आले; उरलेल्यांची नावे मतदारांनी लेखणीच्या फटकाऱ्याने खोडून टाकली. हा कौल पक्षाच्या मक्तेदारीविरुद्ध होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. लोकशाही समाजवाद्यांनी त्याचे मनःपूर्वक स्वागतच केले पाहिजे.

परंतु हा कौल हातात पडल्यावर पुढील सहा महिन्यांत त्याचा उपयोग कशासाठी झाला? १ ऑगस्टला मावळत्या राकोव्स्की सरकारने अन्नधान्याच्या किमती मोकाट सोडल्या. ऑक्टोबरच्या एका महिन्यात किमती निम्म्याहून अधिक वाढल्या. २४ ऑगस्टला सॉलिडॅरिटीचे तादेउश माझोविएत्स्की पंतप्रधान झाले आणि अर्थखाते लेशेक बाल्त्सेरोविच यांच्याकडे गेले. देशावर सुमारे चाळीस अब्ज डॉलर्सचे विदेशी कर्ज होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संमतीवाचून सवलत मिळणार नव्हती. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स सल्ल्याला होतेच. डिसेंबरच्या उत्तरार्धात, नाताळच्या धामधुमीत, अर्थव्यवस्थेचा कायापालट करणारी विधेयके काही दिवसांतच संमत झाली. १९८० च्या एकवीस मागण्यांत नसलेला, गोलमेज करारात नसलेला आणि ४ जूनच्या मतदारांसमोर कधीही न ठेवलेला कार्यक्रम १ जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्या कायद्यांवर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही कोणाची होती? लष्करी कायदा पुकारणाऱ्या त्याच यारुझेल्स्कींची!

या कार्यक्रमाचे वर्गीय स्वरूप समजण्यास एकच तरतूद पुरेशी आहे. एखाद्या सरकारी कारखान्याने ठरावीक मर्यादेपलीकडे वेतन वाढविले, तर त्यावर जबर दंडात्मक कर बसणार होता. ही मर्यादा जानेवारी १९९० मध्ये भाववाढीच्या ३० टक्के होती आणि फेब्रुवारीपासून २० टक्के. एप्रिलमध्ये ज्यांना ८० टक्के भरपाईचे अभिवचन मिळाले, त्यांच्या वाट्याला नऊ महिन्यांनी ही मर्यादा आली. आणि त्या एकट्या जानेवारीत किमती सुमारे ८० टक्क्यांनी चढल्या. बाजारातील सर्व किमती मुक्त करणाऱ्यांनी एकच किंमत बेड्यांत ठेवली. ती म्हणजे श्रमाची.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की, भाववाढीचा वणवा पेटला असता दुसरा मार्ग कोणता होता? चलनवाढ रोखणे निकडीचे होते, हे कोणताही जबाबदार अर्थशास्त्रज्ञ मान्य करील. परंतु किमती स्थिर करणे हा एक प्रश्न आहे आणि कारखान्याची मालकी कोणाकडे जावी हा अगदी वेगळा प्रश्न आहे. पहिल्याच्या निकडीत दुसऱ्याचा निकाल लावून घेणे याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत. आग विझवायला आलेल्याने घराची कागदपत्रे नावावर करून घेण्याचा तो प्रकार आहे. जुलै १९९० च्या खाजगीकरणाच्या कायद्याने कामगारांना अर्ध्या किमतीत जास्तीत जास्त २० टक्के भाग देऊ केले. ज्या कारखान्याचे कंपनीत रूपांतर होई, तेथील कामगार मंडळ संपुष्टात येई. उलट जुन्या राजवटीचे कितीतरी कारखानदार अधिकारी खाजगी कंपन्या काढून सार्वजनिक मालमत्तेवर आपली पोळी भाजून घेऊन मोकळे झाले होते.

पर्याय सुचविणारे कोणी नव्हते, हेही खरे नाही. संघटनेला ‘सॉलिडॅरिटी’ हे नाव सुचविणारे, कम्युनिस्ट राजवटीत वर्षानुवर्षे तुरुंगवास भोगलेले कारोल मोझेलेव्स्की, अर्थशास्त्रज्ञ तादेउश कोवालिक आणि रिशार्ड बुगाय या संघटनेच्याच माणसांनी या मार्गाला विरोध केला. भांडवलशाहीसाठी आपण तुरुंगात गेलो नसतो, असे मोझेलेव्स्की पुढे उघडपणे सांगत. त्यांचे कोणी ऐकले नाही, याचा अर्थ पर्याय नव्हता असा होत नाही. सत्ता त्यांच्या बाजूने नव्हती, एवढाच होतो.

परिणाम सर्वांसमोर आहेत. ज्या देशात नोंदलेली बेकारी जवळजवळ नव्हतीच, तेथे १९९३ अखेर सुमारे २९ लाख माणसे, म्हणजे श्रमशक्तीच्या १६ टक्के, बेकार होती. श्रममंत्री झालेले जुने बंडखोर यात्सेक कुरोन यांचे नाव लोकांनी बेकारभत्त्याला दिले. १९९० च्या अध्यक्षीय निवडणुकीत माझोविएत्स्की तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि १९९३ मध्ये पूर्वाश्रमीचे कम्युनिस्टच मतपेटीतून सत्तेवर परतले. ज्या गोदीतून सारे सुरू झाले, ती १९९६ मध्ये दिवाळखोर ठरली. १९९२ पासून पोलंडचे उत्पन्न वाढत गेले हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, त्या वाढीचे मोल कोणी चुकते केले आणि ते चुकते करण्यापूर्वी त्यांना विचारले होते काय?

या एका वर्षातून कार्यकर्त्यांनी दोन धडे घ्यावेत. लोकशाहीवाचून समाजवाद ही कामगारांच्या छातीवर रोखलेली बंदूक ठरते. वुयेकची खाण त्याची साक्ष आहे. आणि कारखान्यात सत्ता नसलेल्या कामगाराची लोकशाही मतपेटीपाशीच संपते. बाल्त्सेरोविच यांची योजना त्याची साक्ष आहे. यांपैकी एकच धडा शिकणारे दोन्ही बाजूंना आहेत. सॉलिडॅरिटीचा दोषही येथेच लपलेला आहे. लष्करी कायद्याने तिचा कणा मोडला होता हे खरे. पण आपले सरकार आले म्हणून कामगारांची संघटना त्या सरकारच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली, आणि पाऊस मात्र सभासदांवर कोसळत राहिला. सरकार आपलेच असले तरी संघटनेने आपला जाहीरनामा गहाण टाकता कामा नये.

४ जून १९८९ रोजी पोलिश कामगाराने मतपत्रिकेवरील नकोशी नावे खोडली. खोडलेल्या जागी काय लिहावे, हे त्याला कोणी विचारलेच नाही.